रिकाम्या पारड्याचे वजन

९ जानेवारी

आक्षेप नोंदवण्यासाठी घरात आता दुसरे कोणी उरले नसल्यामुळे ही दैनंदिनी सुरू करीत आहे.

आजचा आक्षेप असा : सकाळी उपाशीपोटी रक्तातील साखर १७६ भरली. काल रात्री मी केवळ एक वाटी सूप घेतले होते. दुपारी जेवणापूर्वी मोजली, तेव्हा १३१. म्हणजे दिवसा खाऊनपिऊन जी साखर शिस्तीत राहते, तीच रात्रभर काहीही पोटात न जाता चढते. हे पटण्यासारखे नाही.

माझी उभी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली. वाण्याच्या तराजूपासून पेट्रोलपंपाच्या नळीपर्यंत सर्व काही तपासले. आमच्या शास्त्राचा पहिला नियम असा की, माल टाकण्याआधी रिकामी पारडी पाहावीत. पारडे रिकामे आणि तरी काटा हलला, तर तराजू खोटा. ग्लुकोमीटर हाही एक तराजूच आहे. संशयास पुरेपूर जागा आहे.

१२ जानेवारी

मीटर घेऊन स्वतः लॅबमध्ये गेलो. तेथे रक्त देत असतानाच माझ्या मीटरवरही मोजले. काउंटरवरील मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही रिपोर्टला आलात की छापा घालायला?"

"पडताळणीला," मी म्हणालो.

मीटर १८४, लॅब १७९. फरक मान्य मर्यादेत. मीटर निर्दोष आहे. त्यास पिशवीत ठेवताना मनोमन दिलगिरी व्यक्त केली.

मग खोटे काय आहे?

१४ जानेवारी

निष्कर्ष : पारडे पुरते रिकामे नव्हते. सूप हाही मालच. आजपासून रात्रीचे जेवण पूर्णपणे रद्द केले आहे. रात्रीच्या गोळीच्या पाकिटावर 'जेवणासोबत घ्यावी' असे स्पष्ट छापलेले असल्यामुळे, जेवणाअभावी ती गोळी आपोआप स्थगित झाली. सकाळची गोळी न्याहारीसोबत नियमानुसार चालू आहे.

या निर्णयामागील कारण सर्वस्वी शास्त्रीय आहे. संध्याकाळी ओट्यापाशी उभे राहून एकट्यासाठी भांडे चढवण्याचा त्रास वाचतो, हा केवळ आनुषंगिक लाभ.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे खाली जाऊन सासूबाईंच्या खिडक्या लावून आलो. त्या बरोबर आमच्या खालच्या घरात राहतात. पत्नी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. मला बसण्याचे प्रयोजन नाही, परंतु खिडक्यांच्या वरच्या कड्यांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही आणि त्यांची मदतनीस बाई दिवस मावळण्यापूर्वीच घरी जाते. टेबलावर त्यांचे ताट झाकून ठेवलेले होते.

"जेवण झाले का?" मी विचारले.

"झालं की. तुमचं?"

"झाले," मी म्हणालो. अनावश्यक चर्चा टळावी, एवढाच हेतू.

१९ जानेवारी

१९१.

रात्री पोटात पाण्याशिवाय काही नाही. झोप येईना म्हणून बराच वेळ वाचत होतो; परंतु वाचनात साखर नसते.

२३ जानेवारी

२०३. दोनशेचा टप्पा ओलांडला आणि नेमकी आजच मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात वकिली करते. त्यामुळे प्रश्न विचारताना समोरच्याला बसूही देत नाही.

"बाबा, खरं सांगा, रात्री काय खाता?"

"काहीही नाही."

"काहीही नाही खाऊन दोनशे तीन? मीटरला स्वप्नं पडतात का?"

त्यानंतर तिने घराची झडती घेतली. असंख्य दुकानांच्या झडत्या घेतलेल्या माणसाच्या स्वयंपाकघराची झडती! डबे उघडले, वास घेतले, फळीवरच्या पिशव्या उलट्या केल्या. अखेर कपाटातून जॅमची बरणी काढून ती माझ्यासमोर आदळली.

"हे काय?"

"ती तुझ्या आईची आहे," मी म्हणालो. "झाकण पाहा. अर्धी तिने संपवली होती. त्यानंतर उघडलेली नाही."

झाकण खरोखरच घट्ट बसले होते. तिने बरणी परत कपाटात ठेवली, पुढच्या बाजूला, लेबल समोर येईल अशी.  मग तिने निकालच दिला. लॅबच्या तपासणीत माझ्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात, ८.८ आली आहे. एप्रिलअखेर पुन्हा तपासणी. तोवर ती सातच्या खाली आली नाही, तर हे घर बंद करून मी तिच्याकडे राहायला जायचे.

"आणि सासूबाईंच्या खिडक्या?"

"आजीला मामा नेईल. तसंही तिला इथं एकटं कोण ठेवणार?"

मामाचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीत लिफ्ट नाही. सासूबाई एकदा वर गेल्या, की पुन्हा खाली उतरणे कठीण. मी हे निदर्शनास आणून दिले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी तुमचं बघा. तुम्हीही गेलात तर मी काय करू?"

 निकाल मान्य असल्याचे मी कळवले.

९ फेब्रुवारी

आज डॉक्टरांकडे गेलो. वयाने मुलीएवढ्याच आहेत. घडलेले संभाषण शक्य तितके जसेच्या तसे उतरवतो, कारण ते माझ्या विरोधात आहे.

"काका, रात्री काय जेवता?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? थोडं फळ, दूध?"

"काही नाही म्हणजे काही नाही. तरीही सकाळचा आकडा वाढतो. रिकाम्या पारड्यात वजन दिसते आहे. याचा खुलासा हवा."

त्यांनी पेन खाली ठेवले. "पारडं रिकामं नसतंच, काका. तुम्ही उपाशी राहिलात, तरी तुमचं लिव्हर उपाशी बसत नाही. ते गोदाम आहे. पुढच्या दारानं माल आला नाही, की ते मागचं दार उघडतं आणि साठवलेली साखर रक्तात सोडतं. त्यात पहाटे शरीर जागं व्हायला लागलं, की आतूनच हाका सुरू होतात : उठा, माणूस उठणार, साखर सोडा. हे सगळ्यांच्यात होतं. ज्याला मधुमेह नाही, त्याचं इन्सुलिन गोदामाला आवरतं. तुमचं तेवढं पुरत नाही. तुम्ही जेवण तोडून काटा खाली आणायला निघालात आणि गोदामाचं दार सताड उघडं टाकलंत."

मी विचार करू लागलो. माल खालून चढवला जात असेल, तर वरून पारडे पाहणारा निरीक्षक काय करणार?

"म्हणून तर ती रात्रीची गोळी दिली आहे," त्या पुढे म्हणाल्या. "तिचं मोठं कामच ते, गोदामाच्या दारावर पहारा. घेताय ना नीट?"

"ती स्थगित आहे."

"काय आहे?"

"स्थगित. पाकिटावर 'जेवणासोबत' असे छापले आहे. जेवण रद्द झाल्यामुळे..."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कपाळ धरले. बाहेर बसलेल्या रुग्णांनाही ऐकू जाईल, एवढ्याने त्या "काका!" म्हणाल्या. मग एकाएकी माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारले, "तुम्ही वजनमापे खात्यात होता ना? भाजीबाजाराच्या मागं आमचं धान्याचं दुकान होतं. माझे वडील अजून सांगतात, एक साहेब आला आणि सरकारी शिक्का उलटा आहे म्हणून चांगला तराजू उचलून घेऊन गेला. ते तुम्हीच का?"

"शिक्का उलटा नव्हता," मी म्हणालो. "अस्पष्ट होता."

त्या इतक्या हसल्या, की त्यांना पाणी प्यावे लागले. नंतर मात्र गंभीर झाल्या. झोपेविषयी विचारले. "वाचन करतो" म्हटल्यावर म्हणाल्या, "जागरणानं आणि मनावरच्या ताणानंही तेच गोदाम उघडतं." नंतर आदेश दिले : रात्री रीतसर जेवण, बेताचे पण जेवण, सोबत गोळी, जेवणानंतर थोडी फेरी, मग झोप. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करायची नाही. "छापील असो, स्थगित असो, काही असो. आधी मला विचारायचं."

१० फेब्रुवारी

आदेशाप्रमाणे स्वयंपाक केला. दोन अंडी, उकडलेली भाजी, थोडा भात. टेबलावर ताट मांडले आणि गोळी शेजारी ठेवली. बसलो. परंतु आमच्या जेवणाच्या टेबलावरील दिव्याचा प्रकाश पुरेसा नसल्याचे लक्षात आले. खालच्या घरात प्रकाश अधिक चांगला आहे. म्हणून ताट झाकून घेऊन खाली गेलो.

सासूबाई माझ्या हातातील ताटाकडे पाहतच राहिल्या. "जावईबापू, ही काय वरात?"

"डॉक्टरांचा आदेश आहे. मी येथे बसून जेवलो तर चालेल का?"

"लेक दिली तेव्हापासून जेवायला बोलावतेय. तुम्हाला डॉक्टरची चिठ्ठी लागली होय!"

त्यांचे ताट नेहमीच्या जागी झाकलेले होते. "आपले जेवण?" मी विचारले. "झालं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप पुढे गेला आणि मी झाकण उचलले. ताट भरलेले होते. वजन करण्याची गरज नव्हती.

"हे केव्हापासून?"

"तुम्ही केव्हापासून?" त्यांनी उलट विचारले.

मी झाकण खाली ठेवले. त्या म्हणाल्या, "संध्याकाळ झाली की तिच्या चपलांचा आवाज यायचा जिन्यावर. आता तो येत नाही, तर घशाखाली काय उतरायचं? तुम्ही घ्या घास. मी बघत बसते."

"आपण घेतल्याशिवाय मी घेणार नाही," मी म्हणालो. "आणि मी न जेवल्यास गोळी पुन्हा स्थगित होईल."

"बाई गं! जावई आहे की सरकारी नोटीस!" असे म्हणून त्यांनी घास घेतला. मग मी घेतला.

जेवणानंतर इमारतीच्या व्हरांड्यात फेरी मारली. सासूबाईंना मधुमेह नाही. तरीही त्या काठी टेकत सोबत आल्या. मी टाळाटाळ करतो की काय, यावर लक्ष ठेवायचे आहे म्हणाल्या.

१८ फेब्रुवारी

१५८. आकड्याने प्रथमच माझे ऐकले.

सासूबाईंनी नवी पद्धत सुरू केली आहे. सकाळी मी मोजले असेल अशा सुमारास त्या काठीने छत ठोठावतात. मी गॅलरीतून खाली आकडा सांगायचा. आज सांगितल्यावर खालून आवाज आला, "बरं आहे. पण हुरळून जाऊ नका."

२६ फेब्रुवारी

१४४. रात्री पुस्तक हातात घेतले आणि दुसऱ्या पानावर झोप लागली. पुस्तक कंटाळवाणे असावे.

४ मार्च

१८९. नियमभंग काहीही झालेला नाही. जेवण, गोळी, फेरी, सर्व यथास्थित. झोप मात्र अजिबात लागली नाही. आज पत्नीचा वाढदिवस आहे. या दोन बाबींचा परस्परसंबंध सिद्ध करता येत नाही.

काठी वाजली. आकडा सांगण्याची लाज वाटत होती, तरी सांगितला.  संध्याकाळी गेलो तर सासूबाईंनी दोन्ही ताटे स्वतः वाढून ठेवली होती. तिचा जन्म झाला त्या दिवशीची हकिकत त्यांनी मला सांगितली. ती पायाळू होती आणि सुईणीला सर्वांत आधी तिची पावले दिसली. मला हे ठाऊक नव्हते. मग मी त्यांना, आमच्या लग्नानंतर तिने माझ्या कार्यालयातील प्रमाणित किलोचे वजन पिशवीत घालून बाजारात नेले होते आणि भाजीवाल्याला घाम फोडला होता, ती गोष्ट सांगितली. त्यांनाही ती ठाऊक नव्हती. त्या डोळे पुसून पुसून हसल्या.

"माझी लेक ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपले मधल्यामध्ये साहेब."

फेरी राहून गेली. उद्या दुप्पट मारू.

५ मार्च

१३८. गाढ झोप लागली होती. याचाही परस्परसंबंध सिद्ध करता येत नाही. परंतु मी तो नाकारतही नाही.

१६ मार्च

२८७!

 मुलीला फोन लावण्यासाठी उचलला आणि ठेवला. एप्रिल, तिसरा मजला, लिफ्ट नसलेला जिना, सर्व काही डोळ्यांसमोर उभे राहिले. तेवढ्यात छतावर, म्हणजे माझ्या जमिनीवर, काठी वाजली. गॅलरीत जाऊन कसाबसा आकडा सांगितला.

"काय खाल्लंत?"

"काहीही नाही! आपल्या न्याहारीसाठी संत्री सोलून ठेवत होतो फक्त."

 बोलता बोलता मीच थांबलो. बोटांचा वास घेतला. हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजले : १२६.

संत्र्याच्या रसाने माखलेल्या बोटाने रक्त मोजणे म्हणजे पारड्याखाली अंगठा लावून तोलणे. अशा प्रकारासाठी मी माणसांना दंड केलेला आहे. दंडादाखल सासूबाईंनी सर्व संत्री मलाच सोलायला लावली आणि एकही फोड दिली नाही.

२९ मार्च

११२!

मोजले, पुन्हा मोजले. हात धुतलेले होते. मी काठीची वाट पाहिली नाही. जिना उतरता उतरताच ओरडलो, "एकशे बारा!" असे ओरडणे माझ्या स्वभावात नाही. शेजाऱ्यांनी दार उघडून विचारले, "कशाचा भाव हा?"

"माझा!" मी म्हणालो.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटे मोडली. मी साठी उलटलेला गृहस्थ आहे आणि शेजारी पाहत होते. तरीही हरकत घेतली नाही.

११ एप्रिल

डॉक्टरांनी आकडे पाहिले. १०९, ११७, १२१, १०६. त्या म्हणाल्या, "काका, आता रोज मोजू नका. आठवड्यातून तीनदा पुरे. माणसानं कधी कधी नुसतंच उठावं." वडिलांना त्यांनी माझ्याविषयी सांगितले आहे. वडिलांनी निरोप पाठवला : शिक्का अस्पष्टही नव्हता.

मी निरोपास उत्तर पाठवले, की प्रत्यक्ष भेटून खुलासा करीन. त्यांनी चहाला बोलावले आहे.

२७ एप्रिल

मुलगी दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन आली. निकालापूर्वीच अंमलबजावणीची तयारी. मी म्हणालो, "खटला अजून चालू आहे." ती म्हणाली, "बाबा, फोनवर तुम्ही आकडे सांगता, पण जानेवारीतही तुम्ही 'काही खात नाही' असंच सांगत होता."

तिचे म्हणणे मी नोंदवून घेतले, कारण ते खरे होते. सकाळी रक्त दिले. उद्या निकाल. मामाने सासूबाईंसाठी खोली रंगवून ठेवल्याचे तिच्याकडून कळले. सासूबाईंनी ते ऐकले आणि भाजी निवडत राहिल्या. फेरीच्या वेळी मात्र त्यांनी माझा दंड धरला होता आणि काठी नुसतीच हातात होती.

२८ एप्रिल

६.७.

पुन्हा लिहितो : ६.७.

काउंटरवर कागद मुलीनेच घेतला. वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. "लॅबची काही चूक तर नाही ना?"

"लॅबची पडताळणी मी जानेवारीतच केलेली आहे," मी म्हणालो. काउंटरवरील मुलीने साक्ष दिली, "हो ताई, छापाच घातला होता!"

मुलगी कागदाची घडी घालत रस्त्यावर आली. मग वाहनांच्या गर्दीत उभी राहून म्हणाली, "हरले मी. राहा तुम्ही तुमच्या घरात." आणि माझ्या खांद्यावर डोके टेकले. मला अशा वेळी काय करावे हे सुचत नाही. हे काम तिची आई करीत असे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो बरोबर जागी पडला असावा.

रात्री सासूबाईंकडे तीन ताटे. त्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली, तशी मुलगी पाहतच राहिली. "आजी, तू रात्री जेवतेस? मामा तर म्हणत होता, तू खंगत चालली आहेस, म्हणून तिकडे न्यायचं."

"मी कुठली जेवते? जावईबापूंना सोबत म्हणून बसते."

"वस्तुस्थिती वेगळी आहे," मी म्हणालो. "त्यांनी जेवावे म्हणून मी येतो."

मुलीने एकदा माझ्याकडे आणि एकदा आजीकडे पाहिले. मग तिथल्या तिथे मामाला फोन लावला. "मामा, त्या खोलीत तुझी पुस्तकं लाव. आजी येत नाही. का? अरे, बाबांचं औषध आहे ती. आणि ते तिचं."

सासूबाई म्हणाल्या, "औषध म्हणे! मग पथ्यही माझंच चालणार. जावईबापू, ताटात भाजी टाकायची नाही." मी ती संपवली.

२९ एप्रिल

आज जाग आली तेव्हा ऊन पलंगाच्या मध्यापर्यंत आले होते आणि मुलगी मला गदागदा हलवत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा! बाबा! मी केव्हापासून हाका मारतेय!" तिच्या एका हातात मीटर होते. तिने माझे बोट धरले.

"आज मोजण्याचा वार नाही," मी म्हणालो.

"मग काय होतंय तुम्हाला? चक्कर? घाम? काय होतंय, सांगा!"

मी स्वतःची नीट तपासणी केली. चक्कर नव्हती. घाम नव्हता. दुखत कोठेही नव्हते. तरी आत काहीतरी होत होते. ओळखीचे, पण इतक्या दिवसांत न भेटलेले, म्हणून नाव आठवायला वेळ लागला.

"भूक लागली आहे," मी म्हणालो.

ती पलंगाच्या कडेवर बसली, हसली आणि हसता हसताच रडू लागली. का, ते विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. मी उठलो, हात धुतले, ओट्यापाशी जाऊन दोन अंडी फोडली आणि मग जरा विचार करून तिसरेही फोडले.